रानात घर बांधायचंय? नकाशा पावसाळ्यानंतर काढा

मुळशी, पानशेत, भोरकडे जागा घेणारे पुणेकर ती बहुधा उन्हाळ्यात बघतात आणि पावसाच्या आत पाया भरायला निघतात. ही घाई सोडायची, ही पहिली पायरी.

आधी कागद. सातबारा आणि फेरफार पाहाच, पण जमिनीवर १९७५ च्या खासगी वन कायद्याची (या कायद्याने खासगी वनं सरकारजमा झाली) नोंद आहे का, हेही वकिलाकडून तपासून घ्या. असली, तर त्या जागेचा नाद सोडा.

मग एक अख्खा पावसाळा जागेला द्या. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुळशीकडच्या ताम्हिणी घाटात त्याच्या कित्येक पट. भर जुलैत जाऊन पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं ते बघा आणि तिथे तिथे खुंट्या ठोका. घर या वाटा सोडून बसवायचं. जेसीबीवाला ‘एका दिवसात सपाट करून देतो’ म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. कापलेली दरड पावसात सुटते, भराव खचला की भिंतींना तडे जातात. उताराप्रमाणे दोन-तीन पातळ्यांवर खोल्या घ्या.

ऐन, हिरडा, जांभूळ, जे असेल ते प्रत्येक झाड फांद्यांच्या घेरासकट नकाशावर मांडा. पाया त्या घेराबाहेर.

जोतं काळ्या दगडाचं, दोन-अडीच फूट उंच ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही आटोक्यात राहतात. छपराला चांगला उतार, वर कौलं, वळचण भरपूर पुढे आलेली. झड पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते, त्या अंगाला पडवी, कोठी, न्हाणीघर ठेवा. पूर्ण काचेची भिंत फोटोत झकास दिसते, पण पक्षी तिच्यावर आपटतात आणि एप्रिलमध्ये आतली माणसं भाजून निघतात.

मोरीचं पाणी कर्दळी-केळींना सोडा. शौचालयाचा शोषखड्डा विहीर आणि ओढा या दोन्हींपासून लांब हवा.

बाहेरचे दिवे मोजके, पिवळसर, खाली तोंड केलेले. पावसाच्या तोंडावर काजवे येतात तेव्हा तेही बंद.

कुंपण अंगणापुरतंच घाला, बाकी जागेतून रानडुकरं-भेकरं जाऊ द्यात. वणव्याचा धोका मात्र खरा आहे: दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की घराभोवतीचा पट्टा कापून घ्या आणि कापलेलं गवत तिथे पडू देऊ नका.