भीती गर्दीची, की गर्दीतल्या नजरांची?

इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत छाती धडधडू लागली की स्वतःला विचारा: मी कोसळेन याची भीती आहे, की कोसळताना लोक बघतील याची? माझी भीती जास्त करून दुसरी होती. पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या, जोडीला असं लोकभय असलं, की माणूस थेरपिस्टसमोरही नुसती मान डोलावतो, शंका विचारत नाही. म्हणून जे बोलवत नाही ते घरून लिहून न्या आणि कागदच त्यांच्यापुढे करा.

उपचारात मुद्दाम गोल फिरायला, भराभर श्वास घ्यायला लावतात, म्हणजे धडधड धोक्याची नाही हे शरीराला पटतं. (हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.) बंद खोलीत हे जमलं तरी नजरांची भीती तशीच राहते. तेव्हा पुढचा सराव माणसांत करा: छप्पन दुकानवर पोहे मागवा, हात थरथरला तरी लपवू नका, दुकानदाराशी बोला. रात्रीच्या सराफ्यातली खाऊगल्लीची गर्दी नंतर. पॅनिकचा अटॅक बहुधा काही मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागतो. तोवर जागा सोडू नका. पाण्याची बाटली, कानाला लावलेला मोबाइल हे आधार हळूहळू सोडा, नाहीतर मन सगळं श्रेय त्यांनाच देतं. मला वहिनीचा हात सोडणं सगळ्यात जड गेलं.

गटातली थेरपी सुचवली आणि पोटात गोळा आला, तर आधी एकट्याने सुरू करू द्या असं सांगा. त्यात गैर काही नाही. घराबाहेर पडणंच अशक्य असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे.