मुलांची बद्धकोष्ठता: आधी कोठा मोकळा करा, मग ताट बदला

चार-पाच वर्षांचं मूल तीन-तीन दिवस शौचाला जात नाही. गेलंच तर खडा पडतो. कोपऱ्यात जाऊन पाय आवळून, टाचा उचलून उभं राहतं. घरच्यांना वाटतं, जोर करतंय. खरं तर ते शी आत दाबून धरत असतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी मूल थांबवतं. थांबलेल्या मळातलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, खडा आणखी कडक होतो आणि पुढच्या खेपेला जास्त दुखतं. बहुतेक मुलांत आतड्याचा दुसरा कोणताही आजार नसतो, हे चक्रच आजार होऊन बसतं.

म्हणून कोठा गच्च भरलेला असताना भाकरी-पालेभाजीचा मारा करू नका. पोट फुगेल, दुखणं वाढेल. चड्डीला पातळ डाग लागत असतील तर ते जुलाब समजू नका. साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि मुलाला ते कळतही नाही. त्यासाठी त्याला रागावणं अन्यायाचं आहे, आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं तर मळ आणखी तुंबेल. अशा वेळी आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मळ मऊ करणाऱ्या औषधाची पावडर वजनाप्रमाणे देतात आणि काही दिवसांत कोठा मोकळा होतो. साबणाची कांडी किंवा एरंडेल घरच्या घरी नको. कांडीने गुदद्वाराची नाजूक त्वचा सोलवटते आणि मुलाची भीती दुप्पट होते.

आता ताट. मुलाला रोज किती ग्रॅम चोथा (फायबर) हवा, याचा सोपा हिशोब म्हणजे वय अधिक 5. पाच वर्षांच्या मुलाला सुमारे 10 ग्रॅम. 50 ग्रॅम शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) पिठाच्या भाकरीतून साधारण 5 ग्रॅम मिळतो, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून 4 ग्रॅमच्या आसपास, वर अर्धा पेरू. झाले 10. सातारा-सांगलीच्या घरात यातलं काहीच विकत शोधावं लागत नाही. कोरेगावकडचा घेवडा, हुलग्याचं माडगं, मेथी, पावटा, सगळं कामाचं. याहून कितीतरी जास्त चोथा कोंबल्याने जास्त फायदा होत नाही.

मग अडतं कुठे? सकाळी चहात बुडवलेली खारी किंवा बिस्किटं, मधल्या सुट्टीत पुड्यातलं काहीतरी, संध्याकाळी मैद्याच्या शेवया आणि दिवसभरात तीन-चार पेले दूध. दुधाने पोट भरतं, मग भाकरीला भूक उरत नाही. दूध दिवसाला 400 ते 500 मिलीपर्यंत ठेवा. काही मुलांत गाईच्या दुधातलं प्रथिनच कारण असतं, पण दूध पूर्ण बंद करून बघायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. भडंग अधूनमधून चालेल. रोजच्या डब्यात नको, कारण मुरमुऱ्यात चोथा नगण्य असतो.

बदल दोन-तीन आठवड्यांत पसरून करा. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचं बिस्किट काढा आणि ताज्या भाकरीचा चतकोर तूप लावून द्या. दुसऱ्यात दुपारी अर्धी वाटी उसळ. तिसऱ्यात रोज एक फळ: पेरू, पपई, पिकलेलं केळ. गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळू नका, चाळणीत राहतो तोच कोंडा हवा असतो. तासगावचा बेदाणा रात्री भिजवून द्यायचा तर लहानांना चिरूनच द्या. आख्खा बेदाणा किंवा द्राक्ष घशात अडकू शकतं. गुदद्वाराला चीर पडली असेल तर खरडा आणि झणझणीत रस्सा काही दिवस बाजूला ठेवा. पाणी, ताक, आमटी धरून पाच वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास द्रव जायला हवा. चोथा वाढला आणि पाणी वाढलं नाही, तर मळ पुन्हा घट्ट होतो.

तिसरा भाग बहुतेकांकडून राहतो, तो म्हणजे बसवण्याची वेळ. जेवल्यावर आतडं आपोआप हलतं, तीच संधी. न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी मुलाला 5 ते 10 मिनिटं बसवा, मोबाइलशिवाय. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. देशी भांड्यावर लहान मूल पडायच्या भीतीने अंग आवळून धरतं, तिथे हात धरा किंवा छोटं पॉटीचं भांडं वापरा. शाळेतला संडास अस्वच्छ म्हणून मुलं दिवसभर दाबून ठेवतात. त्यासाठी सकाळी अर्धा तास लवकर उठवणं हाच खात्रीचा उपाय.

शौचात बरंच रक्त, हिरवी उलटी, फुगून ताणलेलं पोट, वजन घटणं, किंवा जन्मानंतर पहिल्या 48 तासांत शी न झाल्याचा इतिहास असेल, तर आहाराचे प्रयोग करत बसू नका, लगेच दाखवा. फक्त अंगावर पिणारं बाळ मात्र महिना-दीड महिन्यानंतर कधीकधी चार-पाच दिवस शी करत नाही. शी मऊ होत असेल आणि बाळ पीत, खेळत असेल तर काळजी नाही.

औषध सुरू असेल तर दोन मऊ शी झाल्या म्हणून बंद करू नका. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. साधारण दोन महिने तरी चालू ठेवून, शेवटचा महिनाभर सगळं सुरळीत असेल तर डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवा. तोवर कॅलेंडरवर रोज एक खूण करा: शी झाली की नाही, मऊ की खडा. पुढच्या तपासणीला ते पान सोबत न्या.