वावरातून जहाजावर : नव्या मुलांसाठी काही अनुभव

दारव्हा तालुक्यातील माझ्या गावी दरवर्षी दिवाळीनंतर दोन-चार मुले भेटायला येतात आणि सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो : मर्चंट नेव्हीत जाण्यासाठी पोहता यावे लागते काय? पोहणे प्रशिक्षणात शिकवतात. पण सत्तावीस वर्षे डेकवर काढूनही खोल समुद्रात मला एकदाही पोहावे लागले नाही, आणि ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडल्या त्यांतील बऱ्याच मी गोठ्यात शिकलो होतो.

१९८९ साली वाफेच्या इंजिनाच्या शकुंतलेने, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीने, मी मूर्तिजापूर गाठले आणि तिथून सहाशेहून अधिक किलोमीटरांवरच्या मुंबईला गेलो. तोवर मी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पुरातली अडाण नदी. जहाजावरचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा होता. यवतमाळ जिल्ह्यातला पोरगा म्हटल्यावर तो हसला आणि हातात दोर देऊन म्हणाला, ‘‘तुला येते ती गाठ मार.’’ बैलाचे दावे खुंट्याला बांधतात तशी गाठ मी कठड्याच्या पाइपाला मारली. त्याने ती ओढून पाहिली आणि तिला इंग्रजीत क्लोव्ह हिच म्हणतात असे सांगितले. त्या दिवसापासून त्याने मला ‘यवतमाळ’ याच नावाने हाक मारली.

आता प्रवेशाचे. दहावीनंतर जीपी रेटिंगचा, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखालील साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम करून खलाशी होता येते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन चांगले गुण मिळाले असतील, तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी; त्यातून एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा आणि पुढे कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून अठरा महिन्यांचा समुद्रावरील अनुभव, अशी डेक अधिकाऱ्याची वाट आहे. बारावीला विज्ञान असेल तर अधिकाऱ्याचीच वाट आधी धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रेटिंगमधून वर चढता येत असले तरी त्यात उमेदीची वर्षे जातात. मी सारंग होऊन निवृत्त झालो. त्याचा खेद नाही, पण परीक्षा देण्याचे वय मी आळसात घालवले, हे खरे आहे.

पैसे भरण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतो की हिरवा, यावरून ते कोणत्या बाजूने जात आहे हे ओळखायचे असते. म्हणून रंगांधळ्या मुलाला डेकवर घेतच नाहीत. आमच्याच भागातील एका कुटुंबाने दोन एकर वावर विकून एका दलालाला पैसे दिले आणि ठिपक्यांतून आकडा ओळखण्याच्या साध्या चाचणीत मुलगा बाद झाला. ती चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञाकडे सहज झाली असती. नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर मिळते, आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे. एवढे ठाऊक असले, तर तालुक्याच्या चौकात बसून ‘‘सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) काढून जहाजावर चढवून देतो’’ म्हणणाऱ्याच्या चहाचेही पैसे देण्याची गरज उरत नाही.

माझी पहिली सफर जूनमध्ये मुंबईहून आखाताकडे होती. घरी मृगाची पेरणी चालली होती आणि मी पावसाळी अरबी समुद्रात चार दिवस बादली कवटाळून बसलो होतो. उलटी होते म्हणून उपाशी राहिलो, ही चूक. भंडाऱ्याने, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याने, कोरडा पाव जबरदस्तीने खायला लावला, तेव्हा पोट थाऱ्यावर आले. पाचव्या दिवशी हातात हातोडी मिळाली. गंज ठोकून काढायचा, घासायचा, रंग द्यायचा, आणि शेवटच्या टोकापर्यंत पोहोचेतो पहिल्या टोकाला पुन्हा गंज धरलेला असायचा. निंदण ज्याने केले आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. चार तास पहारा आणि आठ तास सुटी हा क्रम कागदावर सोपा दिसतो. बंदर जवळ आले की तो कोलमडतो. आज चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी, दुसऱ्याने भरलेल्या तक्त्यावर सही करू नये.

बंदरे पाहायला मिळतील या आशेने येणाऱ्यांना सांगतो, की कंटेनरचे जहाज कित्येकदा एका दिवसात बंदर सोडते आणि शहर म्हणजे क्रेनमागचे दिवे एवढेच उरते. माणसे मात्र भेटतात. सुएझ कालव्यातून जाताना दोर बांधण्यासाठी तिथले नावाडी होडीसह जहाजावर चढतात आणि त्या काळी ग्रेट बिटर सरोवरात समोरून येणारा जहाजांचा तांडा जाईपर्यंत नांगर टाकून थांबावे लागे. अशाच एका थांब्यात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातला एक म्हातारा नावाडी भेटला. त्याच्या घरी कापूस होता, माझ्याही घरी पऱ्हाटी. भाषा एकमेकांना येत नव्हती. त्याने अंगठा आणि तर्जनी ताणून आपल्याकडचा धागा केवढा लांब ते दाखवले, मी माझी बोटे थोडी जवळ आणून आमचा दाखवला, आणि तो समजुतीने हसला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी कापसासाठी वऱ्हाड आणि इजिप्त या दोन्हींकडे धाव घेतली होती, हे मी पुष्कळ नंतर वाचले. त्या दोन हातांमधले नाते तेव्हा मला ठाऊक नव्हते.

पुढच्या सुटीत मी वावरातले एक फुटलेले बोंड कागदात गुंडाळून बॅगेत ठेवले. कालव्यातून त्यानंतर अनेकदा गेलो. दर वेळी होडी वर घेताना चेहरे पाहत असे, पण तो म्हातारा आला नाही. शेवटी ते बोंड मी दुसऱ्याच एका नावाड्याला दिले. त्याने त्यातले तंतू ओढून पाहिले, मान हलवली आणि कागदासकट खिशात ठेवले.