ईआरपीनेक्स्टचं नवं व्हर्जन चढवण्याआधी

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात ईआरपीनेक्स्ट (साठा, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं खुलं सॉफ्टवेअर) अजून व्हर्जन १३ वरच चालू आहे आणि मालक "एकदा नवीन करून टाका की" म्हणून मागे लागलेत, तिथं कॉम्प्युटर बघणाऱ्यांसाठी ही तयारी. थेट १५ वर उडी मारायची नाही. आधी १४, तिथं सगळं सुरळीत झालं की १५.

तारीख आधी ठरवा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ अकरा तारखेला आणि जीएसटीआर-३बी वीसला असतं, म्हणून काम वीसनंतरच काढा. मार्चअखेर तर नावच नको.

बॅकअप फाइलींसकट घ्या आणि त्यासोबत साइट कॉन्फिग म्हणजे साइटच्या सेटिंगची फाइलही उचला. साठवलेले पासवर्ड उलगडायची किल्ली तिच्यात असते. ती नसेल तर डेटा परत येतो, पण ईमेलचे आणि ई-इन्व्हॉइसचे पासवर्ड उघडत नाहीत. डेटाबेस एकदा मायग्रेट झाला, म्हणजे नव्या रचनेत गेला, की जुन्या व्हर्जनला परत जायचा मार्ग बॅकअपमधूनच. एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता सगळ्यात वेळखाऊ काम: आपण किंवा आपल्या आधीच्या माणसानं कुठं कुठं हात घातलाय ते शोधणं. चलनावर हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) यावा, दर नगाऐवजी किलोवर लागावा, म्हणून कुणीतरी थेट मूळ फाइलीच बदललेल्या असतात. मग बेंच अपडेट (नवं व्हर्जन चढवणारी कमांड) अडतं, कुणी वैतागून रीसेट लावतं आणि ते सगळे बदल पुसले जातात. म्हणून असा प्रत्येक बदल स्वतःच्या वेगळ्या ॲपमध्ये, कस्टम फील्ड आणि हुक्स (मूळ कोडला हात न लावता आपला कोड जोडायच्या जागा) वापरून हलवा. तेवढ्यानंही काम संपत नाही. आपल्या ॲपमधून मूळ सॉफ्टवेअरची आतली फंक्शन्स कुठं वापरली आहेत, त्याची वेगळी यादी करा. जे कागदोपत्री, म्हणजे डॉक्युमेंटेशनमध्ये, आहे ते मोडताना ईआरपीनेक्स्ट बनवणारी फ्रॅपे कंपनी दहादा विचार करते. आतलं फंक्शन मात्र उद्या नाव बदलेल आणि त्याबद्दल तक्रार करायला आपल्याला तोंड नसेल.

काय हललंय तेही बघा. १४ मध्ये पगार आणि हजेरी मूळ ॲपमधून निघून फ्रॅपे एचआरमध्ये गेली. ते ॲप वेगळं बसवायला विसरलात तर पगाराच्या तारखेला कळेल. जीएसटीचा भाग इंडिया कंप्लायन्समध्ये गेला आणि तो फ्रॅपेबाहेरच्या रेझिलिअंट टेकनं उभा केला. जॉबवर्कला मशीनिंगवाल्याकडे माल पाठवणाऱ्यांनी सबकॉन्ट्रॅक्टिंग दोनदा तपासा. त्याला नवी ऑर्डर आणि नवी पावती आली, पण आधीच्या पर्चेस ऑर्डर जुन्या पद्धतीनंच पूर्ण करता याव्यात म्हणून त्यांच्यावर तशी खूण ठेवलेली आहे. मागचं सांभाळणं म्हणतात ते हे. अर्धवट राहिलेल्या अशा दोन-चार ऑर्डर चाचणीच्या साइटवर शेवटपर्यंत नेऊन बघा.

हे सगळं मुंबईची फ्रॅपे कंपनी ठरवते. कोड खुला आहे, निर्णय कंपनीचा आहे, आणि यात लबाडी काही नाही. कोड लिहिणाऱ्यांचा पगार तीच देते. पण आपलं म्हणणं ऐकलं जायचं असेल तर ते व्हर्जन निघण्याआधी पोचलं पाहिजे. बीटा (व्हर्जनची आधी येणारी चाचणी आवृत्ती) आली की आपल्या डेटाची प्रत तिच्यावर चालवा. चूक सापडली तर कोऱ्या साइटवर, आपलं ॲप काढून, तीच चूक पुन्हा घडवून दाखवा आणि मग इश्यू, म्हणजे त्यांच्याकडे चुकीची नोंद, टाका. "आमचं चालत नाही, अर्जंट बघा" याला कुणी विचारत नाही. दुरुस्ती जमली तर डेव्हलप शाखेवर (पुढच्या व्हर्जनचं काम चालू असलेल्या कोडवर) टेस्टसकट, म्हणजे ती आपोआप तपासणाऱ्या कोडसकट, पाठवा. ती स्वीकारली की जुन्या शाखांवर नेता येते. आपली केस टेस्टमध्ये बसली, की पुढं ती मोडली तर त्यांच्याकडेच लाल दिवा लागतो. माझ्या मते मेंटेनन्स करारापेक्षा हे जास्त टिकतं. हे लई जणांना पटत नाही, कारण बिलात दाखवता येत नाही.

लायसन्सवर एक नजर टाका. ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ या लायसन्सवर आहे, ते ज्याच्यावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी लायसन्सवर. सोबत वापरत असलेल्या बाकीच्या गोष्टीही बघा. शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकनं २०२१ मध्ये आणि सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मच्या हाशीकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदललं. त्यातून जुन्या खुल्या कोडवरून ओपनसर्च आणि ओपनटोफू हे वेगळे प्रकल्प निघाले. आधी दिलेला कोड कुणी परत घेऊ शकत नाही, पण पुढचे सिक्युरिटी पॅच कुठून आणणार ते आधीच ठरलेलं बरं.

चाचणीची साइट तयार झाली की ती स्वतः तपासू नका. स्टोअरवाल्यांना आणि डिस्पॅचवाल्यांना बसवा, मागच्या आठवड्याची खरी चलनं आणि ई-वे बिलं त्यांच्याकडून भरून घ्या. प्रिंट कागदावर काढा. प्रिंट फॉरमॅट स्क्रीनवर बरोबर दिसतो आणि कागदावर शेवटचा कॉलम कापतो.