मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेताना: वजन, जेवण, रक्त आणि तारीख

गालावर, हनुवटीखाली, पाठीवर दुखऱ्या गाठी उठतात, फुटल्या की खड्डा ठेवून जातात, आणि महिनोन्‌महिने मलमं-अँटिबायोटिक करूनही हटत नाहीत, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल लिहून देतात. जीवनसत्त्व 'अ'च्या कुळातलं हे औषध त्वचेतल्या तैलग्रंथी आकसवतं. चार फुटकुळ्यांसाठी ते नाही. तालमीतल्या जोडीदाराची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणण्यासाठी तर मुळीच नाही, कारण डोस ठरतो तो वजनावर आणि रक्ताच्या रिपोर्टवर, आणि ते दोन्ही त्याचे असतात.

सर्वसाधारण हिशेब असा: दिवसाला किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि संपूर्ण कोर्समध्ये किलोमागे 120 ते 150 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला निदान 7,200 मिलिग्रॅम पोटात जायला हवेत. रोज 40 घेतले तर 180 दिवस, 20 घेतले तर वर्षभर. दोन महिन्यांत चेहरा साफ दिसला म्हणून कोर्स सोडणारे पुष्कळ, आणि मुरूम परत येतात ते बहुधा त्यांचेच. उलट, पहिल्या महिन्यात पुरळ थोडं वाढू शकतं. तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असं ठरवू नका. फारच उसळलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सुरू करण्याआधी रक्ताच्या दोन तपासण्या: लिव्हर फंक्शन (यकृताचं काम) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी). मग एक-दोन महिन्यांनी पुन्हा, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा. इथे एक हमखास घोटाळा होतो: रात्री उशिरापर्यंत तांबडा-पांढरा, पहाटे ग्लासभर म्हशीचं दूध आणि आठला रक्त द्यायला हजर. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, वर दिसणारच. 10 ते 12 तास पाण्याखेरीज काही नको, आणि आदल्या दिवशी दारू नको. आकडा 500 च्या पुढे गेला तर डोस आणि आहार दोन्ही बदलावे लागतात. आणखी चढला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि डॉक्टर औषध थांबवतात.

आता जेवण. नेहमीची कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतली तर भरल्या, स्निग्ध जेवणाबरोबर जेवढी अंगी लागते त्याच्या जेमतेम निम्मी लागते. चहा-खारीवर घेऊन भागत नाही. दुपारच्या किंवा रात्रीच्या मुख्य जेवणात, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी-तेल किंवा तूप असेल तेव्हा घ्या. त्यासाठी रोज मटण लागत नाही. उपवासाला शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडीही चालते. कॅप्सूल अख्खी, भरपूर पाण्याबरोबर गिळा. फोडू नका, चावू नका. एखादी चुकली तर चुकली, दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई नको. बऱ्याच कॅप्सूलमध्ये सोयाबीन तेल असतं, तेव्हा सोया किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

स्त्रियांसाठी सगळ्यात कडक नियम गर्भधारणेचा. हे औषध गर्भाचे कान, चेहरा, मेंदू आणि हृदय बिघडवू शकतं, आणि त्यासाठी थोडे दिवस घेतलेलंही पुरेसं ठरतं. म्हणून सुरू करण्याआधी गर्भचाचणी, पुढे दर महिन्याला चाचणी; औषधाच्या एक महिना आधीपासून ते शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिन्यापर्यंत गर्भनिरोधन, शक्यतो दोन पद्धतींनी. पाळी चुकली तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टर गाठा. अंगावर पाजत असाल तर घेऊच नका. मुलीबरोबर आई आली की हा विषय दोघी टाळतात. डॉक्टरांनी आईला पाच मिनिटं बाहेर बसवलं तर राग मानू नये, प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. पुरुषांच्या बाबतीत हा धोका नाही, पण आपली कॅप्सूल बहिणीला किंवा बायकोला देऊ नये.

तालमीत किंवा जिमला जाणाऱ्यांनी अंगदुखीकडे लक्ष द्यावं. या औषधावर जोर-बैठका आणि कुस्तीनंतर स्नायू जास्त ठणकतात, रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, वाढतं. व्यायाम थोडा कमी करा. लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना. कातडी पातळ झालेली असते, मॅटवर चटकन खरचटते. आणि कोणी शरीर फुगवायला स्टिरॉइडची इंजेक्शनं घेत असेल तर मुरमांचं मूळ तिथेच असू शकतं, ते डॉक्टरांपासून लपवू नका.

सोबत डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिक चालत नाहीत, मेंदूभोवतीचा दाब वाढतो. डोकं सतत दुखणं, उलटी, अंधुक दिसणं अशी लक्षणं एकत्र आली तर औषध थांबवून लगेच दाखवा. जीवनसत्त्व 'अ' असलेल्या गोळ्या आणि कॉड लिव्हर ऑइल बंद.

ओठ फुटणारच, दिवसातून सात-आठ वेळा पेट्रोलियम जेली लावा. नाक सुकून रक्त येत असेल तर तीच आत बोटाने हलकी. स्क्रब, रेटिनॉल, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि वॅक्सिंग बाजूला ठेवा. वॅक्सिंगने सालच निघून येते, त्यामुळे कोर्सनंतरही सहा महिने टाळा. उन्हाळ्यात एसपीएफ 30चं सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर नको. काहींना रात्री कमी दिसतं, म्हणून अंधारात पन्हाळ्याचा घाट गाडीवरून उतरण्याआधी आपली नजर तपासा. मन खिन्न राहू लागलं, झोप उडाली, जगण्याचाच कंटाळा आला तर औषध थांबवून त्याच दिवशी घरात आणि डॉक्टरांना सांगा.

शेवटच्या कॅप्सूलची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्यानंतर महिनाभर मंडळाच्या रक्तदान शिबिरात नाव देऊ नका, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.