बियांकी-१ विश्वाची प्रतिकृती एफ(आर, टी) गुरुत्वात: मांडणी आणि तपासणी

विश्व तिन्ही दिशांना वेगवेगळ्या दराने फुगत असेल, तर सर्वांत साधी मांडणी बियांकी-१ची. तीन दिशांचे स्केल फॅक्टर (त्या दिशेतली अंतरं किती पटीनं ताणली गेली ते) अ, ब, क; त्यांचे हबल दर (प्रसरणाचे सापेक्ष दर) ह१, ह२, ह३. अबक = स^३ धरा, म्हणजे स हा सरासरी स्केल फॅक्टर; ह म्हणजे तिन्ही दरांची सरासरी. गुरुत्वासाठी हार्को, लोबो, नोजिरी आणि ओडिन्ट्सोव्ह यांच्या २०११च्या सिद्धान्तातलं सोपं रूप घ्या: आर + २लॅम्डा·टी (आर म्हणजे अवकाशकालाची वक्रता, टी म्हणजे द्रव्याच्या ऊर्जा-संवेग प्रदिशाचा ट्रेस, लॅम्डा स्थिरांक). द्रव्य आदर्श द्रायू, म्हणजे सर्व दिशांना दाब सारखा.

आधी मोजणी. समीकरणं चार, अज्ञातं पाच: अ, ब, क, घनता, दाब. म्हणजे बाहेरून एकच अट लावता येते. इथेच बरेचजण घसरतात. 'कर्तन (दिशांच्या दरांतली तफावत) प्रसरणाच्या प्रमाणात' ही अट (अ = ब^म, ब = क; म स्थिरांक) लावून वर आवडीचा स्केल फॅक्टरही घेतात. आदर्श द्रायूत ही अट एकटीच स ला काळाच्या १/३ घातावर आणून बांधते आणि मंदन प्राचल (धन असेल तर प्रसरण मंदावतं, ऋण असेल तर वेगावतं) २ होतो. त्वरण मग कुठून येणार? शिवाय असमदिक् प्राचल (दिशांचे दर सरासरीपासून किती फटकतात याचं माप) २(म−१)^२/(म+२)^२ इतका कायम राहतो; म = २ असेल तर ०.१२५, आजही आणि उद्याही. ही अट हवीच असेल तर दिशेनुसार दाब बदलणारा द्रायू घ्या.

आता दिशांची समीकरणं एकमेकांतून वजा करा. लॅम्डाचं पद सर्व दिशांना सारखंच असल्याने गळून पडतं आणि हाती येतं: ह१ = ह + क्ष१/स^३, तसंच ह२ आणि ह३; क्ष१ + क्ष२ + क्ष३ = ०, आणि हे तिन्ही स्थिरांक. (एफ(आर) सिद्धान्तात हे सूत्र जसंच्या तसं उचलू नका, तिथे छेदात एफचं आर-सापेक्ष विकलजही येतं.)

एकमेव अट म्हणून संकरित नियम (घातनियम गुणिले घातांकी वाढ) घ्या: स = त^आल्फा × ई^(बीटा·त); त म्हणजे काळ, आल्फा आणि बीटा स्थिरांक. नुसता घातनियम मंदनाकडून त्वरणाकडे वळत नाही, हा वळतो. आल्फा = बीटा = ०.५ आणि आजचा काळ त = १ धरल्यास आजचा मंदन प्राचल −०.५ येतो, वळण त = ०.४१४ला. रेडशिफ्टमध्ये (तेव्हा निघालेल्या प्रकाशाची तरंगलांबी आजवर किती ताणली गेली याचं माप) ते साधारण १.०८, निरीक्षणं ०.६-०.७च्या आसपास सांगतात, तेव्हा हे आकडे सरावापुरते.

घनता आणि दाबासाठी:
य = ३ह^२ − सिग्मा^२
र = −२(ह चा कालविकलज) − ३ह^२ − सिग्मा^२
न = ८पाय + ३लॅम्डा
घनता = (न·य + लॅम्डा·र)/(न^२ − लॅम्डा^२)
दाब = (न·र + लॅम्डा·य)/(न^२ − लॅम्डा^२)

सिग्मा^२ म्हणजे क्ष१, क्ष२, क्ष३ यांच्या वर्गांची बेरीज भागिले २स^६. लॅम्डा −२पाय किंवा −४पाय असेल तर छेद शून्य होतो. आलेख काढताना ते टाळा. सापेक्षतेतलं ऊर्जेच्या अक्षय्यतेचं नेहमीचं समीकरण इथे वापरू नका, या सिद्धान्तात ते सामान्यतः पाळलं जात नाही. उत्तर पडताळायला हे चालेल: न × घनतेचा दर − लॅम्डा × दाबाचा दर + ३ह(८पाय + २लॅम्डा)(घनता + दाब) = ०.

खरी परीक्षा क्ष स्थिरांकांची. समजा क्ष = (०.१, ०, −०.१). असमदिक् प्राचल आज सुमारे ०.०००३३, म्हणून 'विश्व समदिक् होतं' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण घनता + दाब ऋण होऊ नये (८पाय + २लॅम्डा धन धरून), यासाठी त·ई^(३त) किमान ०.०२ लागतं; म्हणजे प्रतिकृती त = ०.०१९ नंतरच खरी, रेडशिफ्ट जेमतेम ११. वैश्विक पार्श्वभूमी प्रारण (आरंभीच्या तप्त विश्वाचा आजही सर्व दिशांनी येणारा प्रकाश) तर रेडशिफ्ट ११००चं! तिथपर्यंत ती पोचतच नाही.

त्या प्रारणाच्या तापमानात दिशेनुसार पडणारा फरक (क्ष१ − क्ष३) गुणिले १/स^३चं तेव्हापासून आजपर्यंतचं समाकल एवढा असतो. या नियमात रेडशिफ्ट ११०० म्हणजे त ≈ २.२×१०^−६, आणि समाकल सुमारे १३००. हा फरक १०^−५च्या आत ठेवायचा तर ०.१च्या जागी ४×१०^−९च्या आतला आकडा घ्यावा लागतो. एवढा लहान क्ष घेतल्यावर असमदिक् प्राचलाचा आलेख साध्या मापावर शून्याला चिकटतो. तो लॉग मापावरच काढा.