गौरी-गणपतीला दारी गोकर्ण हवा, तर बी मृगातच टोका

मृग 7-8 जूनला लागतो. गोकर्ण, गणेशवेल आणि मॉर्निंग ग्लोरी या वेलींना बी टोकल्यापासून फूल यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. म्हणून दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती गार झाली की लगेच कामाला लागावं. अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेले, तर जुलैचा पहिला आठवडाही चालतो.

‘बी उगवलंच नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त गोकर्णाची. बी बहुतेक वेळा चांगलंच असतं, पण साल इतकी टणक की पाणी आत शिरत नाही. बीला एका कडेला बारीक डोळा दिसतो. त्याच्या विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासा. काळपट सालीखालचा फिका रंग जेमतेम दिसला की थांबा. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी काही बिया दुप्पट फुगलेल्या दिसतील, काही खड्यासारख्या तशाच. फुगलेल्या टोका, उरलेल्या पुन्हा घासा. मी पहिल्या वर्षी कोरड्याच बिया पुरल्या होत्या. वीसातल्या तीन आल्या आणि एक तर थेट दिवाळीत उगवली!

गणेशवेल आणि मॉर्निंग ग्लोरीला रात्रभर भिजवणं पुरतं. या दोघींना मूळ हलवलेलं सोसत नाही, तेव्हा बी कायमच्या जागीच टोका, नाहीतर कागदी कपात लावून कपासकट पुरा. मॉर्निंग ग्लोरीच्या बिया विषारी असतात. लहान मुलं असतील तर डबी वर ठेवा.

अर्धं पेर खोल, दोन वेलींत फूटभर अंतर. कुंडी किमान 12 इंची घ्या आणि तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा. कोकणात सुरुवातीचे पंधरा दिवस कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका. माती चिकट राहिली की कोवळी रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात. चिखल्या मातीत निम्मं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा.

खताचा हात मात्र आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की मॉर्निंग ग्लोरी गच्चीभर पानं करते आणि फूल एक देत नाही. गोकर्ण तर शेंगवर्गातला, मुळांवरच्या गाठींतून स्वतःपुरतं नत्र मिळवतो. त्याला युरिया कशाला? ऊन मात्र रोज सहा तास हवंच.

आधार पहिल्या दिवसापासून द्या. या वेली खोडानेच वेढे घेतात, जाड पाइपाला धरत नाहीत. सुतळी, जाळी किंवा बांबूच्या कामट्या लावा. मॉर्निंग ग्लोरी वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. आपण हौसेने दुसरीकडून गुंडाळली की सुटून लोंबते. वेल हातभर झाली की शेंडा खुडा, बगलफुटी येतात.

शेंड्यावर मावा दिसला तर आधी पाण्याचा जोराचा फवारा. तेवढ्याने गेला नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. गोगलगायी मात्र रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

पुढच्या वर्षाचं बी हवं असेल तर गोकर्णाच्या शेंगा तपकिरी होताच कात्रीने काढा. एक दुपार उशीर झाला, की उन्हात तडकून बिया शेजाऱ्यांच्या अंगणात जातात.